वीजचोरीच्या बिलाचा वाद नेमका कुठे न्यायचा : तक्रार निवारण मंच, ग्राहक आयोग की स्थायी लोक अदालत?

गिरणीकाठ यांचा प्रश्न

माझ्या काकांची तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी आहे. गाव महाराष्ट्रातले आहे. जोडणी तीन फेजची, औद्योगिक वर्गवारीतली असून मंजूर भार १० अश्वशक्ती आहे. १८ दिवसांपूर्वी, गिरणी चालू असतानाच, वीज कंपनीचे भरारी पथक आले. त्यांनी मीटर जागेवरच तपासला, तो ३३ टक्के मंद असल्याचे लिहिले, टर्मिनल कव्हरचे (मीटरला तारा जोडतात त्या भागावरच्या झाकणाचे) एक सील ‘संशयास्पद’ असल्याची नोंद केली, मीटर काढून पुठ्ठ्याच्या डब्यात घातला, डब्यावर कागदी सील लावून काकांची सही घेतली आणि त्याच वेळी खांबावरून पुरवठा तोडला.

चौथ्या दिवशी दोन कागद हातात पडले. पहिला तात्पुरत्या आकारणीचा असून त्यात १२ महिन्यांचे मिळून १ लाख ३१ हजार ७६० रुपये भरण्यास सांगितले आहे. दुसऱ्या कागदावर ‘तडजोड रक्कम २ लाख रुपये’ एवढेच आहे. आकारणीच्या छापील नमुन्यावर ‘कलम १२६/१३५’ असे आहे आणि दोहोंपैकी एकही कलम खोडलेले नाही. पोलिसांकडून आजवर कोणी आलेले नाही. काकांनी सीलला हात लावलेला नाही, असे ते शपथेवर सांगायला तयार आहेत. मीटर गिरणीबाहेरच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला आहे.

आता गावात जितकी माणसे, तितके सल्ले झाले आहेत. एक जण म्हणतो, कंपनीच्याच ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा, तिथे वकील लागत नाही. दुसरा म्हणतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा, कारण वीज ही सेवा आहे. तिसऱ्याच्या मते स्थायी लोक अदालत सर्वात बरी, कारण वीजपुरवठा ही सार्वजनिक उपयुक्तता सेवा आहे आणि तिथे तडजोड झाली नाही तरी निकाल मिळतो. यांपैकी नेमक्या कोणाला हा वाद ऐकण्याचा अधिकार आहे, आणि चुकीच्या दारात गेलो तर नुकसान काय, हे कोणी कायद्याच्या आधारे सांगू शकेल का? गिरणी बंद आहे, तेव्हा वेळेचा प्रश्नही आहे.

अर्धविराम यांचा प्रतिसाद

तिन्ही सल्ल्यांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहेत. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो आणि अशा प्रकरणांत ग्राहक माझ्याकडे येतो तो बहुधा मुदत संपल्यावर, एखाद्या मंचाने ‘अधिकारक्षेत्र नाही’ म्हणून परत पाठवल्यावर. एक एक दार पाहू.

तक्रार निवारण मंच विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४२(५) खाली स्थापन होतात आणि त्यांच्या निर्णयावर कलम ४२(६) खाली विद्युत लोकपालाकडे जाता येते. मात्र मंचाने काय ऐकायचे हे राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांनी ठरते. महाराष्ट्रात २००६ च्या विनियमांनीही आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२० च्या विनियमांनीही कलम १२६ खालील अनधिकृत वापर आणि कलम १३५ ते १३९ खालील गुन्हे मंचाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. म्हणजे आपल्या हातातल्या कागदावर जी दोन कलमे आहेत, ती दोन्ही वगळलेल्या यादीतली आहेत.

ग्राहक आयोगाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाचाच निर्णय आहे. उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन विरुद्ध अनीस अहमद या २०१३ च्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, कलम १२६ खालील आकारणीविरुद्ध किंवा कलम १३५ ते १४० खालील कारवाईविरुद्ध ग्राहक मंचापुढे तक्रार चालू शकत नाही. वीज ही सेवा आहे हे न्यायालयाने नाकारलेले नाही. पुरवठ्यातील त्रुटी, चुकीचे वाचन, जोडणीतली दिरंगाई या गोष्टी तिथे आजही नेता येतात. पण अनधिकृत वापराची आकारणी ही सेवेतली त्रुटी नव्हे, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. काका उपजीविकेसाठी स्वतः गिरणी चालवतात, म्हणून ते ‘ग्राहक’ ठरतील की नाही, हा पुढचा मुद्दा इथे उपस्थितच होत नाही.

स्थायी लोक अदालतीचा सल्ला सर्वात फसवा आहे, कारण त्याचा पूर्वार्ध पूर्णपणे बरोबर आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये २००२ साली घातलेल्या प्रकरण सहा-अ मध्ये ‘सार्वजनिक उपयुक्तता सेवा’ या व्याख्येत वीजपुरवठा स्पष्टपणे येतो. कलम २२-सी(१) च्या परंतुकानुसार, कोणत्याही कायद्याखाली तडजोड न होऊ शकणाऱ्या गुन्ह्याशी संबंधित बाब या अदालतीला ऐकता येत नाही. वीजचोरीच्या गुन्ह्याची तडजोड विद्युत अधिनियमाच्या कलम १५२ खाली होऊ शकते, म्हणून हा अडथळा पार झाल्यासारखा वाटतो. पुष्कळ जण इथेच वाचन थांबवतात. कलम २२-सी च्याच पोटकलम (८) मध्ये लिहिले आहे की, पक्षकारांत समझोता झाला नाही तर ‘वाद कोणत्याही अपराधाशी संबंधित नसल्यास’ अदालत त्याचा निर्णय करील. तेव्हा चोरीच्या आरोपातून आलेल्या वादात ही अदालत दोघांना समोरासमोर बसवू शकते, समझोत्याच्या अटी सुचवू शकते आणि एकमत झाले तर निवाडा देऊ शकते. एकमत झाले नाही तर गुणवत्तेवर निकाल देण्याचा तिचा अधिकार मात्र संपतो. ‘तडजोड झाली नाही तरी निकाल मिळतो’ हे टेलिफोनच्या बिलाबाबत खरे आहे, आपल्या कागदाबाबत नाही. शिवाय वाद कोणत्याही न्यायालयापुढे जाण्याआधीच तिथे अर्ज करावा लागतो. कंपनीने विशेष न्यायालयात फिर्याद दाखल केली की तेही दार बंद होते.

मग हा वाद आहे कोणाचा? इथे कायद्याने दोन वाटा आखल्या आहेत. कलम १२६ ची वाट अशी : तात्पुरती आकारणी, तिच्यावर ग्राहकाचे आक्षेप, सुनावणी आणि तात्पुरता आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश. अंतिम आदेशावर ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील, जे महाराष्ट्रात विद्युत निरीक्षकाकडे होते, आणि त्यासाठी आकारलेल्या रकमेची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आपल्या बाबतीत ती ६५ हजार ८८० होईल. या बाबींत दिवाणी न्यायालयात जायला कलम १४५ ने मनाई आहे. कलम १३५ ची वाट फौजदारी आहे. तिथे प्रकरण कलम १५३ खालच्या विशेष न्यायालयात जाते आणि चोरीपोटी देय असलेली दिवाणी रक्कमही तेच न्यायालय कलम १५४(५) खाली ठरवते. ती भरलेल्या रकमेपेक्षा कमी ठरली तर फरक व्याजासह परत मिळतो.

दुसऱ्या कागदाबद्दल दोन शब्द. २ लाख रुपये हे विजेचे बिल नाही. कलम १५२ च्या मूळ तक्त्यात औद्योगिक जोडणीला प्रति अश्वशक्ती २० हजार रुपये असा दर आहे, त्याला दहाने गुणले की आपला आकडा येतो. फौजदारी प्रकरण मिटवण्यासाठी भरायची ही रक्कम असून ती भरणे ऐच्छिक आहे. व्यापारी जोडणीला हा दर १० हजार, शेतीला २ हजार आणि इतरांना ४ हजार आहे. म्हणून छोट्या गिरणीवाल्याला मूळ आकारणीपेक्षा तडजोड महाग पडते. हे विचित्र दिसते खरे, पण हिशेब कायद्यातलाच आहे. आणि ही सवलत एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच मिळते.

आज करण्याचे काम एकच. आकारणी अधिकाऱ्याकडे लेखी आक्षेप दाखल करा. आदेश बजावून १४ दिवस झाले असतील तर हाती फार वेळ नाही.

चाचणीकक्ष यांचा प्रतिसाद

मी वीज कंपनीच्या मीटर चाचणी विभागातून निवृत्त झालो आहे. कलमांबद्दल वरील सदस्यांनी लिहिले आहे, त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या प्रश्नातला एक आकडा वाचून मी थांबलो : ३३ टक्के.

तीन फेजच्या मीटरला तिन्ही फेजचे व्होल्टेज वेगवेगळे पोहोचावे लागते. त्यांपैकी एका फेजचे व्होल्टेज मीटरपर्यंत पोहोचले नाही आणि भार तिन्ही फेजवर समान असला, जो गिरणीच्या मोटारीचा असतोच, तर मीटर एक तृतीयांश कमी नोंदवतो. म्हणजे साधारण ३३ टक्के. हे कोणी मुद्दाम तार सोडवूनही होते आणि टर्मिनलचा स्क्रू ढिला पडून, तिथे ठिणग्या उडून, तांबे काळवंडूनही होते. पिठाच्या गिरणीत भिंतीला सतत हादरा असतो आणि हवेत पीठ असते. असे काळे पडलेले टर्मिनल मी नोकरीत किती पाहिले याचा हिशेब नाही. उलट शंट (मीटरमधून जाणारा प्रवाह काही प्रमाणात दुसरीकडे वळवणारी तार) टाकून किंवा मीटरला बगल देऊन केलेल्या चोरीत तूट अशी नेमक्या तिसऱ्या हिश्शाची क्वचितच निघते, ती वेडीवाकडी असते.

म्हणून दोन गोष्टी मागा. पहिली, मीटरमधून उतरवलेली माहिती. इलेक्ट्रॉनिक मीटर फेजचे व्होल्टेज कधी गेले आणि कधी परत आले याची तारीखवार नोंद ठेवतो. व्होल्टेज दिवसातून दहा वेळा येत-जात असेल तर तो ढिला स्क्रू असतो, कारण चोरी करणारा माणूस दिवसातून दहा वेळा तार सोडवत-जोडवत बसत नाही. दुसरी, ग्राहकाची खातेवही, जिला कार्यालयात सगळे सीपीएल म्हणतात. तिच्यात मागच्या दोन-तीन वर्षांचा महिन्यावार वापर असतो. वापर कोणत्या महिन्यापासून घटला ते तिथे दिसेल, आणि तो घटलाच नसेल तर तेही दिसेल.

सील ‘संशयास्पद’ म्हणजे काय, हेही विचारा. सीलला क्रमांक असतो. मीटर बसवताना अहवालावर जो क्रमांक लिहिला, तोच सापडला की दुसरा? ‘संशयास्पद’ हा शब्द पथक घाईत असले की लिहिते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

सनदशीर यांचा प्रतिसाद

‘अर्धविराम’ यांनी मांडलेली कायद्याची चौकट मला मान्य आहे, पण मंचाचे दार त्यांनी जरा लवकर लावले असे वाटते.

छापील नमुन्यावर ‘१२६/१३५’ असे लिहिले म्हणजे प्रकरण त्या कलमांत पडले, असे होत नाही. तसे असते तर कोणतेही वादग्रस्त बिल मंचाच्या हातून काढून घ्यायला कंपनीला एक रबरी शिक्का पुरला असता. २००६ च्या विनियमांत शब्द होते की, तक्रार या कलमांत येते असे मंचाचे ‘प्रथमदर्शनी’ मत झाले पाहिजे. मत मंचाचे हवे, कंपनीचे नव्हे. २०२० च्या विनियमांतही तक्रारदाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय तक्रार फेटाळता येत नाही. ही संधी द्यायची ती कशासाठी? कागदावरच्या कलमामागे खरोखर काही आहे का, हे पाहण्यासाठीच.

आता कंपनीचे वागणे पाहा. तिने पथकाच्या भेटीच्या दिवशीच पुरवठा तोडला. थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा तर कलम ५६(१) खाली पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. कलम १२६ मध्ये तत्काळ पुरवठा तोडण्याचा अधिकार कुठेही नाही. तो २००७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३५(१-अ) मध्येच आहे आणि त्यासोबत एक बंधन आहे : पुरवठा तोडल्यापासून २४ तासांच्या आत त्या अधिकाऱ्याने पोलीस ठाण्यात लेखी तक्रार केली पाहिजे. इथे १८ दिवस झाले. तक्रार झाली नसेल तर कंपनी पुरवठा तोडताना चोरी म्हणते आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली की अनधिकृत वापर म्हणते, असा अर्थ होतो. शिवाय मीटर केवळ सदोष निघाला, तर राज्य आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची होते, १२ महिन्यांची दुप्पट दराने नव्हे. हा वाद निखळ बिलाचा आहे आणि तो मंचाचाच आहे. त्यामुळे मी असतो तर मंचाकडे अर्ज केला असता.

अर्धविराम यांचा प्रतिसाद

‘सनदशीर’ यांचा २४ तासांचा मुद्दा अगदी नेमका आहे आणि तो माझ्याकडून सुटला होता, हे मान्य करतो. आक्षेपांच्या अर्जात तो पहिल्या परिच्छेदात यायला हवा. शिक्क्याने अधिकारक्षेत्र ठरत नाही, हेही मान्य.

तरीही क्रमाबद्दल माझे मत बदलत नाही. मंचाकडे अर्ज गेला, सुनावणीच्या तारखा पडल्या, आणि तेवढ्यात आकारणी अधिकाऱ्याने आक्षेप आलेच नाहीत असे लिहून कलम १२६ खाली अंतिम आदेश काढला, तर मंचापुढचा युक्तिवाद त्या दिवशी हवेत विरतो. कलम १२७ चे ३० दिवस त्या आदेशापासून मोजले जातात आणि उशीर माफ करण्याची तरतूद त्या कलमात लिहिलेली नाही. दुसऱ्या मंचापुढे खर्ची पडलेला काळ वजा करून मिळेल, या भरवशावर मी माझ्या पक्षकाराला तरी बसवणार नाही.

चोरीचा आरोप असला म्हणजे कलम १२६ लागूच होत नाही, असाही युक्तिवाद कधी कधी होतो. तो करू नका. सीताराम राइस मिलच्या २०११ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कलमांतला फरक विस्ताराने सांगितला. कलम १२६ ला अप्रामाणिक हेतू लागत नाही, कलम १३५ ला तो लागतो. पण २०१९ च्या ओरायन मेटलच्या निर्णयात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, चोरीच्या प्रकरणातही रकमेची आकारणी कलम १२६ खाली करता येते, कारण प्रत्येक चोरी हा अनधिकृत वापर असतोच, प्रत्येक अनधिकृत वापर चोरी नसला तरी. छेडछाड केलेल्या मीटरमधून झालेला वापर तर कलम १२६ च्या स्पष्टीकरणातच आहे. म्हणून ‘१२६ की १३५’ असा पर्याय विचारण्यापेक्षा आक्षेपांत थेट मागणी करा की, आकारणी अधिकाऱ्याने कोणत्या कलमाखाली आणि छेडछाडीच्या कोणत्या पुराव्यावर आदेश काढला ते कारणांसह लिहावे. छेडछाड सिद्ध होत नसेल तर दोन्ही कलमे गळतात आणि उरतो तो सदोष मीटर. मग ‘सनदशीर’ म्हणतात त्या मंचाचे दार खरोखर उघडते, तेही कंपनीच्याच कागदाच्या आधारे.

अंतिम आदेश आलाच नाही आणि पोलिसांत तक्रारही झाली नाही, तर तेव्हाही मंचाकडे जावे. पण अर्जात या दोन्ही गोष्टी घडलेल्या नाहीत हे ठळकपणे लिहावे, नाहीतर लिपिक आकारणीच्या कागदावरचे कलम पाहून अर्ज बाजूला ठेवील.

गिरणीकाठ यांचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल काकांच्या वतीने आभार. काल उपविभागात जाऊन आलो. आक्षेपांचा अर्ज दिला. आवक लिपिकाने आधी ‘साहेब आल्यावर द्या’ म्हणून सांगितले, मग तासाभराने प्रतीवर शिक्का मारला. पोलीस ठाण्यात विचारणा केली तेव्हा अशी कोणतीही तक्रार अद्याप नोंदलेली नाही असे तोंडी कळले. खातेवहीची प्रत मिळाली. तिच्यात मागच्या वर्षी मार्चपर्यंत वापर नेहमीचा आहे आणि एप्रिलपासून तो जवळपास तिसऱ्या हिश्शाने कमी झाला आहे. गंमत अशी की, त्याच एप्रिलमध्ये वायरमनने येऊन सर्व्हिस वायर बदलली होती. काकांना ते लख्ख आठवते, कारण त्या दिवशी लग्नघरचे दळण अडले होते.

दोन नवे प्रश्न. एक, तेथील एका कर्मचाऱ्याने सुचवले की, पुढच्या राष्ट्रीय लोक अदालतीत हे प्रकरण ठेवू, रक्कम थोडी कमी करून मिटवून टाका. ही लोक अदालत आणि स्थायी लोक अदालत एकच का? दोन, ‘आकारणी मान्य आहे’ अशा एका छापील अर्जावर काकांची सही मागितली आहे. सही केली तर तीन दिवसांत वीज जोडून देऊ, असे म्हणाले.

अर्धविराम यांचा प्रतिसाद

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो तातडीचा आहे. त्या अर्जावर सही करू नका. कलम १२७(५) म्हणते की, पक्षकारांच्या संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील करता येत नाही. ही एक सही विद्युत निरीक्षकाचे दार कायमचे बंद करू शकते. पुरवठ्यासाठी तिची गरजही नाही. कलम १३५(१-अ) नुसार आकारलेली रक्कम भरली की ४८ तासांत पुरवठा जोडून देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. रक्कम भरायची असेलच तर ‘हक्क अबाधित ठेवून व आक्षेपांच्या अधीन’ असे पत्र सोबत जोडून भरा आणि त्या पत्राच्या प्रतीवरही शिक्का घ्या. गिरणी किती दिवस बंद ठेवणे परवडते हा काकांचा हिशेब आहे, पण भरणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, एवढे त्यांना समजावून सांगा.

लोक अदालतींबद्दल : दोन्ही एक नव्हेत. राष्ट्रीय लोक अदालत ही विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १९ खालची नेहमीची लोक अदालत असते. तिला निकाल देण्याचा अधिकार कोणत्याच प्रकरणात नाही. पक्षकारांत तडजोड झाली तरच तिची नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाने जालौर सिंग यांच्या २००८ च्या प्रकरणात हे बजावून सांगितले आहे. स्थायी लोक अदालतीला निकालाचा अधिकार आहे, पण वर लिहिल्याप्रमाणे तो अपराधाशी संबंध नसलेल्या वादापुरता, आणि त्याआधी समझोत्याचे सारे टप्पे पार पाडणे तिला सक्तीचे आहे, असे २०२२ च्या कॅनरा बँकेच्या निर्णयात म्हटले आहे. दोन्हींत साम्य हे की, निवाड्यावर अपील नसते.

म्हणून लोक अदालत वाईट असे मी म्हणणार नाही. ज्याने चोरीसाठी तार खरोखर टाकली आहे, त्याला तिच्यासारखी सोय नाही. काकांच्या हातात खातेवही आहे आणि सर्व्हिस वायर बदलल्याची तारीख आहे. तरीही तिथे जायचे ठरले, तर तडजोडनाम्यात आकारणीची रक्कम आणि कलम १५२ ची रक्कम वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत का ते पाहा. आकारणीवर सूट देणे कंपनीच्या हातात असू शकते. गुन्ह्याची तडजोड मात्र सरकार किंवा सरकारने अधिकृत केलेला अधिकारीच स्वीकारू शकतो आणि तिचे दर ठरलेले आहेत. नुसते ‘प्रकरण मिटले’ असे लिहून घेतले आणि फौजदारी बाजूबद्दल काहीच लिहिले नाही, तर पैसे भरल्यानंतरही फिर्याद येऊ शकते. ती आलीच, तर १० किलोवॉटच्या आतल्या भाराला पहिल्या दोषसिद्धीत दंड आर्थिक लाभाच्या तिपटीहून कमी नसतो, हेही लक्षात असू द्या. १० अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॉटच्या आसपास.

सनदशीर यांचा प्रतिसाद

पोलीस ठाण्यातले तोंडी उत्तर पुरेसे नाही. पुरवठा तोडल्याच्या तारखेनंतर आपल्या जोडणीबाबत कंपनीकडून लेखी तक्रार आली का, हे माहिती अधिकारात विचारा. मंचापुढे असो, विद्युत निरीक्षकापुढे असो वा उच्च न्यायालयात रिट करायची वेळ येवो, तो एक कागद सगळीकडे उपयोगी पडेल. आणि सर्व्हिस वायर बदलल्याची नोंद उपविभागाच्या कामाच्या नोंदवहीत असायला हवी, तिचीही प्रत मागा. क्रमाबाबत मी ‘अर्धविराम’ यांचे ऐकतो, आक्षेप आधी आणि मंच नंतर.

चाचणीकक्ष यांचा प्रतिसाद

एप्रिलमध्ये सर्व्हिस वायर बदलली, हे वाचून मला तर आता फारशी शंका उरली नाही. नवी वायर टर्मिनलमध्ये नीट आवळली नाही तर पहिल्याच महिन्यापासून असे होते. आणि वायर बदलायची तर टर्मिनल कव्हर उघडावेच लागते. ते उघडणाऱ्याने जुने सील तोडले असणार, मग नवे लावले का आणि त्याचा क्रमांक कुठे लिहिला, हे त्यालाच विचारावे लागेल.

सुनावणीच्या वेळी मीटर प्रयोगशाळेत काकांसमोर उघडा, असा आग्रह धरा. डबा समोर आला की कागदी सीलवरची काकांची सही अखंड आहे का ते आधी पाहा, तिचा फोटो घ्या आणि मगच डबा उघडू द्या. मीटर बाहेर काढल्यावर तिन्ही टर्मिनलचे जवळून फोटो घ्या. दोन चकचकीत आणि एक काळे, असे असेल तर ते अहवालात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.